मथूमावशीचं वर्ष

आमच्या घरात माझा तुरुंगवास दर वर्षी वाढतो. मुलगा पाहुण्यांना सहा आठवडे सांगतो, सूनबाई तीन महिन्यांवर गेल्या आहेत, आणि परवा धाकट्या नातीने शाळेतल्या भाषणात मला आख्खं वर्ष आत ठेवलं. वर 'हालअपेष्टा' हा शब्दही घातला. मी पुढच्या रांगेत बसून गंभीरपणे मान हलवत होते. या वयात फुकटच्या टाळ्यांना कोण नाही म्हणेल? पण खरं ते एकदा लिहून ठेवते. मी रत्नागिरीच्या तुरुंगात तीन दिवस होते. त्यातला पहिला अर्धा दिवस रडण्यात गेला. आणि हालअपेष्टा म्हणाल, तर त्या मला झाल्या नाहीत, माझ्यामुळे झाल्या. मथूमावशीला.

मथूमावशी आमची मागल्या दारची शेजारीण. जातीने कासार. नवरा मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. पत्र नाही, पैसा नाही, मेल्याची खबरही नाही. तेव्हा कपाळाला कुंकू होतं आणि घरात माणूस नव्हतं. सकाळी बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती आळ्या पालथ्या घालायची. पण तिची खरी ओळख दुसरीच. ती तुरुंगात बायकांच्या भागाची वार्डरीण होती.

आता 'होती' म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण ती असायची आणि नसायची. त्या वेळी आमच्याकडच्या तुरुंगात बाई क्वचित यायची. लांब मुदतीच्या शिक्षेवाल्यांना घाटावर पाठवत. इथे उरायच्या त्या खटल्याची वाट पाहणाऱ्या, नाहीतर महिन्या-पंधरवड्याच्या. मग कायमची वार्डरीण कशाला हवी? बाई आत आली की मथूमावशीला बोलावणं यायचं, रोजचे सहा आणे सुरू व्हायचे. बाई सुटली की सहा आणेही सुटले. ती स्वतःच म्हणायची, "कुणाचं तरी वायट झाल्याबिगर माज्या चुलीवर भात चढत नाय. असला धंदा देवानं वैऱ्यालाबी देऊ नये."

म्हणायची आणि लगेच तरातरा तुरुंगाच्या फाटकाकडे निघायची, कोणी आली का ते बघायला.

तिला बसलेली मी फार कमी वेळा पाहिली. चहा उभ्याने. भाजी निवडायची तीही अंगणात येरझारा घालत, सूप कमरेला टेकवून. आई म्हणायची, "मथू, दोन घटका टेक गो." तर म्हणे, "टेकलं की डोक्यात गोष्टी येतात वैनी. चालताना त्या मागं पडतात." आमच्या चिऱ्याच्या पायऱ्या ती दिवसातून किती वेळा चढे-उतरे देव जाणे. पायाच्या अंगठ्याने ती जमिनीला सारखी काहीतरी विचारत असल्यासारखी उभी राहायची. मी तिची नक्कल फार छान करत असे. सतरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याचं दुःख प्रथम नकलेतच दिसतं.

एक गुण मात्र मी तेव्हाही कबूल करत होते. काच आत न्यायची परवानगी नसे, म्हणून येणाऱ्या बाईच्या बांगड्या फाटकापाशीच उतरवाव्या लागत. दुसरं कोणी असतं तर दगडावर हात ठेवून ठकाठक फोडल्या असत्या. मथूमावशी फोडायची नाही. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटणं ही काय गोष्ट आहे हे कासारणीला सांगायला नको. आपण तर 'फुटली' हा शब्दही तोंडातून काढत नाही, 'वाढवली' म्हणतो. ती खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसायची. हो, एवढ्यापुरती बसायची. समोरचीचा अंगठा तळहातात मुडपायची, हाडं हळूच एकमेकांजवळ आणायची, आणि गप्पा मारता मारता एकेक बांगडी सगळीच्या सगळी काढून घ्यायची. चिंधीत गाठोडं बांधून ठेवायची आणि सुटकेच्या दिवशी त्याच बांगड्या परत भरायची. त्याचे पैसे घेत नसे. "आत जाताना हात होता तसा भायेर आला पायजे," म्हणायची. "बाकीचं काय र्‍हाईल न र्‍हाईल."

अशा बाईचा बांगड्यांचा धंदा मी बुडवला.

झालं असं, की मी स्वदेशीची शपथ घेतली. नुसती घेतली असती तर बरं. मी ती इतरांनाही द्यायला लागले. शाळेतल्या पाच-सहा मुली जमवल्या आणि आळीच्या तोंडाशी मथूमावशीची टोपली अडवली. "या बांगड्या परदेशी आहेत! या हातात भरणं म्हणजे बेड्या भरणं!" वाक्य माझं स्वतःचं होतं. आरशापुढे चार दिवस घोटलं होतं.

मावशीने टोपली खाली ठेवली. शांतपणे ऐकलंन. मग विचारलंन, "बरं बाय, देशी बांगडी खयं मिळते ती सांग. तीच आणते."

मला ठाऊक नव्हतं. मी भाषण पाठ केलं होतं, दुकान नव्हतं. म्हटलं, "ते... ते तुम्ही शोधा."

"शोधते हां," म्हणाली आणि टोपली उचलून निघाली. आळीतल्या बायकांनी नुकताच विलायती कापडाचा होम पाहिला होता, त्यांनाही जोर चढला. सहा महिन्यांत मावशीच्या टोपलीला कोणी हात लावेना. मी डायरीत 'विजय' असं लिहिलं. ती डायरी पुढे वाळवीने खाल्ली, तिचे उपकार.

तर टोपली बसली आणि मावशीचं सगळं आता तुरुंगावर आलं. तिचं एकटीचं कशाला म्हणा, निम्मं गाव कुठूनतरी त्या भिंतीला चिकटलेलंच होतं. लाकूडफाटा पुरवणारा, नाचणी-तांदूळ घालणारा, नारळाची सोडणं गाड्या भरभरून पोचवणारा. आत कैदी ती सोडणं कुटून काथ्या काढत, त्याचा धब्धब् आवाज आमच्या माजघरात यायचा. चळवळ पेटली आणि तुरुंग भरला, तेव्हा आमच्या आळीतले एक धान्याचे मक्तेदार दादांना ओटीवर बसून म्हणाले होते, "राष्ट्र जागं झालंय हो!" आणि खूश होऊन पायांचे अंगठे हलवत होते. दादा म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर दादा म्हणाले, "राष्ट्र जागं झालं की यांची पोती हलतात."

बत्तीस सालच्या शिमग्यापासून मथूमावशीचेही दिवस फिरले. बायकाही आत येऊ लागल्या. एक सुटायच्या आत दुसरी हजर. तुरुंगाच्या साहेबांना मावशीने धीर करून विचारलं, मला कायम करा. साहेब बरा माणूस होता. म्हणाला, वर्षभर बायकांचा भाग एक दिवसही रिकामा राहिला नाही, तर मी वर लिहीन, की इथे कायमची बाई लागते. कायम म्हणजे महिन्याचा पगार. आणि म्हातारपणी थोडंफार पेन्शन. म्हणजे आणखी कुणाचं वाईट होण्याची वाट बघत फाटकापाशी उभं राहायला नको.

त्या दिवसापासून मावशी दिवस मोजू लागली. काथ्याच्या सुंभाला रोज एक गाठ. एखादी सुटायची असली आणि दुसरी आलेली नसली, की तिची तगमग बघवत नसे. अंगणातून फाटकाकडे, फाटकाकडून अंगणात. दोनदा अगदी शेवटच्या दिवशी कोणीतरी आली आणि वर्ष तुटता तुटता राहिलं. "आलीन एकदाची!" म्हणून ती आमच्या मागल्या दारी यायची, आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची. "काय बोलते मी मेली!"

अकरा महिने असे गेले. आणि मग तुरुंगात मी गेले.

दारूच्या दुकानापुढे पिकेटिंग करताना मला धरलं. कोर्टात पंचवीस रुपये दंड, नाही भरला तर सहा आठवडे. "दंड भरणार नाही!" असं मी इतक्या जोरात म्हटलं की मॅजिस्ट्रेट दचकले. फाटकापर्यंत मान ताठ. फाटकात मथूमावशी तेलाची वाटी घेऊन उभी. तिला बघितलं आणि माझ्या तोंडून 'वंदे मातरम्'ऐवजी 'मावशी गो' असा सूर निघाला.

"रड हां, रड," ती माझा अंगठा मुडपत म्हणाली. "समद्या रडतात. भाषण करणाऱ्या जरा जास्तीच."

आत एकच बाई होती. पूर्णगडची लखू, खारव्याची सून, मांडीवर दूधपितं पोर. तिचा गुन्हा मिठाचा. मासे खारवायला सरकार बंदरावरच्या कुंपणाच्या आवारात स्वस्त मीठ देई; ते आवाराबाहेर न्यायचं नाही, असा कायदा. लखूने मूठभर ओटीत बांधून घरी नेलं, आमटीत घालायला. दहा रुपये दंड, नाहीतर एक महिना. दहा रुपये तिने एका जागी कधी पाहिलेच नव्हते.

मी तिला उत्साहाने सांगितलं, "अगं, तू तर सत्याग्रही! मीठ म्हणजे काय माहीत आहे का?"

"म्हाईत हाय," लखू म्हणाली. "आमटीत घालतत."

मथूमावशी हसत हसत येरझारा घालायला लागली. मग बोटांवर मोजून सांगू लागली, आणि हे तिचं बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "बघ हां कुसू. एक मूठ मीठ. ते धरायला एक शिपाय. लिवून घ्यायला एक कारकून. हिला पूर्णगडाहून आणायला दोन पोलीस, त्यांचा भत्ता. न्याय करायला मॅजिस्ट्रेट, त्याच्या डोक्यावरचा पंखा वढायला एक गडी. हितं दोन घोंगड्या, दोन वेळची भाकरी, पोराला दूध, पोराला खोकला म्हून डाक्टर. आणि हिनं पळून जाऊ नये म्हून सहा आण्याची मी! आणि ही पळून जाणार खयं, तर घरी, आमटी करायला. सांग आता, रामा-शिवाच्या राज्यात तरी मीठ येवढं म्हाग झालं व्हतं काय गो?"

लखू पदर तोंडाला लावून हसत होती. मी नाही हसले. मला वाटलं, या बायकांना ध्येयवाद कळत नाही.

त्याच दिवशी मावशीने मला सुंभाच्या गाठी दाखवल्या. शिमग्याच्या पुनवेला वर्ष भरत होतं. माझे सहा आठवडे आणि लखूचा महिना, दोन्ही पुनवेच्या पलीकडे जात होते. "तुमी दोघी म्हंजे माजी गंगा-यमुना," म्हणाली. "आता मला घोर नाय." आणि खरंच, त्या दुपारी ती भिंतीला टेकून बसली. पाय पसरून. लखूच्या पोराला पायांवर घेऊन थोपटत होती.

तिसऱ्या दिवशी दादांनी माझा दंड भरला.

मी थयथयाट केला. "मी जाणार नाही!" पण दंड भरलेल्या माणसाला सरकार एक भाकरीही जास्त देत नाही. मथूमावशी माझ्या जुन्या, शपथेनंतरही आईने हातात ठेवायला लावलेल्या बांगड्या भरत होती आणि तिचे हात, जे कधी चुकत नसत, ते त्या दिवशी दोनदा अडखळले. "तुज्या बापाला येवढी घाई कसली?" ती कुजबुजली. "येकच दोर र्‍हायला आता माजा."

घरी आल्यावर दादांनी उंबरा ओलांडायला बंदी केली. पण गावातल्या बायका मला बघायला येऊ लागल्या. ओटी भरायच्या, 'धन्य पोर' म्हणायच्या. मी बसल्या जागी महात्मा झाले. आणि मला कल्पना सुचली: लखूला सोडवायचं. येणाऱ्या प्रत्येक बाईपुढे मी पदर पसरला. आठवड्यात दहा रुपये जमले. मला बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून मागल्या दारी मथूमावशीला गाठून ते तिच्या हातात ठेवले. म्हटलं, "मावशी, उद्याच भरून टाक हं!"

पुनवेला दहा दिवस होते.

मी विसरले होते असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं सांगते, तिचं ते वर्ष माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. गाठी दाखवल्यान तेव्हा मी 'हो का' म्हटलं होतं, आणि मनात माझ्या पुढच्या भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत होते.

मावशीने पैसे ओच्यात खोचले. पुढचे चार दिवस मी माडीच्या खिडकीतून तिला बघत होते. फाटकाकडे जायची, अर्ध्या वाटेवरून परतायची. विहिरीवर घागर घेऊन जायची आणि रिकामीच घेऊन यायची. एकदा आमच्या मागल्या दाराशी आली. आईने विचारलं, "काय गो?" तर म्हणाली, "काय नाय. आपलं असंच." आणि लगबगीने निघून गेली. मला वाटलं, कचेरीत कामं सावकाश होतात.

पाचव्या दिवशी दुपारी लखू सुटली. पोर कडेवर, हातात हिरव्या बांगड्या. ती गाडीतळाकडे गेली, तिला शिमग्याला, पालखीला घरी पोचायचं होतं. मावशी तिला वाटेला लावून सरळ आमच्या मागल्या दारी आली.

"कुसू, तुजे पैसे चार दिवस माज्या ओच्यात व्हते."

"म्हणजे?"

"म्हंजे मी भरले नाय. पुनव जाऊंदे, मग भरू, म्हटलं. धा दिवसांनी काय हुतंय."

मला एवढा संताप आला! सत्य, अहिंसा, विश्वास, जेवढे शब्द येत होते तेवढे मी तिच्या अंगावर फेकले. वर म्हटलं, "एका आईला तू लेकरासकट डांबून ठेवलंस, सहा आण्यांसाठी!"

मावशीने सगळं ऐकून घेतलं, टोपलीच्या वेळी ऐकलं होतं तसंच. मग म्हणाली, "तुजा बाप तिसऱ्या दिवशी आला. तिच्यासाठी कोण येणार व्हतं? मीच. मी पाचव्या दिवशी गेले. दोन दिवसांचा तर फरक."

मी विचारलं, "मग आज का भरलेस?"

ती पायरीवरून उतरली, पुन्हा चढली. "सकाळी पोराला तेल लावत व्हती ती. मला म्हणते, मावशे, तू नको घोर करूस. मी हाय ना पुनवेपतूर. माजा म्हयना फुकट नाय जाणार, तुज्या कामी तरी येतोय." मावशीचा आवाज कोरडाच होता. "तिला ठावं नव्हतं गो, पैसे माज्या ओच्यात हायत. ती बोलत व्हती आणि ते हितं पोटाला टोचत व्हते."

त्यानंतर सहा दिवस बायकांचा भाग रिकामा राहिला. साहेबांनी म्हणे खूप हळहळ केली. पण नोंदवहीत रिकामं ते रिकामं. मावशी पुनवेपर्यंत रोज फाटकापाशी उभी होती. कोणी आली नाही. त्या सहा दिवसांत आख्ख्या जिल्ह्यातल्या बायका शहाण्यासारख्या वागल्या. पुढे चळवळही ओसरली, बायका यायच्या थांबल्या, आणि कायमचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी दादांच्या मागे लागून काहीतरी करायला हवं होतं. साहेबांकडे अर्ज, कुणाची शिफारस. पण त्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं आणि मी शालू देशी की विलायती या प्रश्नात गढून गेले.

चार वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. बाळ दोन महिन्यांचं. संध्याकाळी त्याला घेऊन तुरुंगाच्या बाजूने जरा चालायला गेले. हातखंब्याकडच्या रस्त्याने दोन पोलीस एका बाईला आणत होते. तरणी बाई, पदर नाकापर्यंत ओढलेला, पाय धुळीने माखलेले. बरीच चालून आली असावी. काय केलं होतं तिने, मला कळलं नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

आणि फाटकाकडून मथूमावशी येताना दिसली. चालत नव्हती, धावतच होती म्हणा ना. केस पांढरे झाले होते, एका पायाने लंगडत होती, तरी एवढी घाई! तिचं तोंड उजळलं होतं. परगावी गेलेली लेक दारात दिसावी, तसं. ती पोलिसांपर्यंत पोचली, बाईचा हात तिने हातात घेतला, आणि तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

ते हसू तिथल्या तिथे विझलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिने पदराने तोंड पुसलं, जणू काहीतरी लागलं होतं.

"कुसू," तिने विचारलं, "हसले काय गो मी?"

"नाही मावशी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. बाळाकडे पाहायचं राहूनच गेलं. मग त्या बाईच्या खांद्याभोवती हात टाकून ती फाटकाकडे वळली. फाटकातलं छोटं दार उघडलं. ती बाई ताठच्या ताठ आत शिरू लागली, तशी मावशीने तिच्या डोक्यावर आपला तळहात धरला.

"वाक बाय," ती म्हणत होती, "वाक, दार बुटकं हाय. पयल्या दिवशी समद्यांना लागतं."